भंगाराचाही हिशेब हवा

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी घडविणारा लघुउद्योजक कष्टाला मागे हटत नाही. हिशेबाच्या वहीपाशी मात्र तो अडखळतो. 1984 च्या वित्त अधिनियमाने ठरावीक उलाढालीपुढे करविषयक लेखापरीक्षण सक्तीचे केले. व्यापारासाठी तेव्हा 40 लाखांची असलेली मर्यादा पुढे 1 कोटीवर गेली. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही 5 टक्क्यांच्या आत असतील, तर ती 10 कोटी आहे. ही सवलत रास्तच म्हणावी लागेल.

तरीही सप्टेंबर उजाडल्यावर सनदी लेखापालापुढे पावत्यांची पिशवी रिकामी करण्याची आपली रीत सुटत नाही. लेखापरीक्षणाच्या नमुन्यात उत्पादकाला कच्चा माल, तयार माल, उतारा आणि घट हे सारे नोंदवावे लागते. पत्र्यातून गोल चकत्या कापल्या की कोपरे उरतात. ते भंगार रोखीने विकले आणि वहीत आलेच नाही, तर उताऱ्याचे गणित जुळणार कसे? पॉलिशच्या मजुरीचेही तेच. एका दिवसात एका व्यक्तीला 10 हजारांहून अधिक रोख दिले, की तो खर्च अमान्य होतो आणि हाती न आलेल्या नफ्यावर कर बसतो. मग अधिकाऱ्यावर रागावून काय उपयोग? काट्याची चिठ्ठी त्याच दिवशी वहीला लावावी, महिनाअखेरीस साठा मोजावा. लेखापालाची गाठ घ्यावी ती एप्रिलमध्ये. सप्टेंबरात त्याला मान वर करायलाही फुरसत नसते.