लोकल म्हणजे नेमका कुठला?

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी खालापूर तालुक्यातल्या एका रिसॉर्टमध्ये नोकरीसाठी अर्ज केला. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, ‘लोकल मुलांना प्राधान्य’. पोरगा खुशीत गेला. जन्म इथला, शाळा मराठी, पावसाळ्यात कुठल्या ओढ्याला कधी पाणी चढतं ते तोंडपाठ. साहेबांनी अर्ज हातात घेतला, नाव वाचलं आणि विचारलं, “मूळचे कुठले?”

“इथलाच, सर. खालापूरचा.”

“हो, पण मूळचे?”

“आजोबा कर्जतचे.”

“आणि त्याच्या आधी?”

पोरगा गप्प बसला. त्याच्या आधीचं मलाही सांगता आलं नसतं. पणजोबांची कबर इथे आहे एवढं माहीत आहे. नोकरी काही मिळाली नाही. नावामुळेच गेली असं मी म्हणणार नाही. जागा कमी आणि अर्ज भरपूर, हे सगळीकडेच आहे. पण घरी येऊन त्यानं मला विचारलं, “मामू, लोकल म्हणजे नक्की काय हो?” त्या प्रश्नानं मात्र मला बरेच दिवस सोडलं नाही.

आमच्या भागात हा शब्द इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. कर्जतच्या माणसाला लोकल म्हटलं की पहिल्यांदा गाडीच दिसते. मुंबईच्या इंडिकेटरवर कर्जत गाडीला ‘एस’ आणि खोपोली गाडीला ‘केपी’ लिहितात, ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. ‘लोकल चुकली’ म्हणजे दिवसच चुकला. गंमत अशी, की मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जागा’, आणि आम्ही तो दिला कुणाला, तर दिवसभर जागेवर न ठरणाऱ्या गाडीला.

गाडीच्याही आधी हा शब्द सरकारी कागदातून आला असावा. 1884 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात लोकल बोर्डं आली. अब्बांच्या पिढीतले लोक ‘लोकल बोर्डाची शाळा’ असंच म्हणायचे. दवाखान्यात गेलात तर डॉक्टर लोकल भूल देतात, म्हणजे तेवढाच भाग बधिर. आणि बाजारात? चार्जर घ्यायला जा. दुकानदार दोन काढून ठेवतो आणि बोट दाखवतो, “हा कंपनीचा, हा लोकल.” इथे लोकल म्हणजे स्वस्त, दोन महिन्यांत जळणारा. बहुतेकदा तो इथे बनलेलाही नसतो, समुद्रापलीकडून आलेला असतो. तरी लोकलच! 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘व्होकल फॉर लोकल’ म्हटलं तेव्हा हा शब्द एकदम मानाच्या पाटावर बसला, पण दुकानदाराचं बोट काही बदललं नाही.

मराठी प्रतिशब्द घ्यावेत तर तेही सरळ नाहीत. ‘गावठी’ घ्या. गावठी कोंबडी आणि गावठी अंडी ब्रॉयलरपेक्षा महाग. शनिवार-रविवारी फार्महाऊसवाले गाडी थांबवून विचारतात. तोच शब्द माणसाला लावला की शिवी होते. नुसतं ‘गावठी’ म्हटलं तर दारू. ‘देशी’चंही तसंच, गाय असेल तर पूजनीय आणि बाटली असेल तर लाजिरवाणी. म्हणजे खायच्या-विकायच्या वस्तूला इथलेपणाचा भाव चढतो आणि माणसाच्या इथलेपणाची मात्र चौकशी होते.

माणसांसाठी आपण ‘स्थानिक’ म्हणतो, रहिवासी म्हणतो, मोर्चा असेल तर भूमिपुत्र म्हणतो. सरकारला हा गोंधळ परवडत नाही, म्हणून त्यांनी सरळ मोजमाप ठेवलं. उद्योगांत 80 टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात असं राज्याचं धोरण आहे, आणि स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेला. मला हे मोजमाप कोरडं असलं तरी बरं वाटतं. त्यात ‘त्याच्या आधी?’ हा प्रश्न नाही.

कारण तो प्रश्न एकदा सुरू झाला की थांबवायचा कुठे? कर्जत आणि खालापुरात सगळ्यात जुने कोण म्हणाल तर ठाकर आणि कातकरी. त्यातला कातकरी किती तरी वाड्यांत आजही दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर झोपडी घालून राहतो आणि पाऊस सरला की बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जातो. तो सर्वांत लोकल, आणि त्याच्याच पायाखालचा सातबारा दुसऱ्याचा. उलट, मुंबईहून महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या साहेबांकडे सातबारा आहे, कंपाउंड आहे, वॉचमन आहे. ‘मूळचे कुठले’ हे त्यांना कोण विचारतो?

आमच्यासारख्यांना तो विचारला जातो, आणि विचारणारा ज्या शब्दांत विचारतो ते शब्द जरा उलटून पाहण्यासारखे आहेत. भाच्याच्या अर्जावर पत्ता होता: मु. पो. अमुक, ता. खालापूर, जि. रायगड. यातला मुक्काम अरबी, तालुका अरबी, जिल्हा अरबी, आणि पोस्ट इंग्रजी. उर्दूत लोकलला ‘मकामी’ म्हणतात, तोही या मुक्कामाचाच सख्खा भाऊ. आपण मराठीत मुक्काम दोन्हीकडे वापरतो. एसटीची मुक्कामाची गाडी एक रात्र थांबून पहाटे निघून जाते, आणि पत्त्यावरचा मुक्काम पिढ्यान् पिढ्या हलत नाही.

पेशवाईत घाटावर गावच्या जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेल्या शेतकऱ्याला मिरासदार म्हणत, आणि असा हक्क नसलेल्या कुळाला उपरी. मिरास म्हणजे वारसा, अरबी शब्द. तेव्हा पक्क्या गाववाल्याचं नाव बाहेरून आलेलं, आणि बाहेरच्याचं नाव अस्सल मराठी! वतनदारातलं वतनही अरबीच. या शब्दांना कुणी कधी ‘त्याच्या आधी?’ विचारलं नाही. मुखी बसले, कामाला लागले, मराठी झाले.

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी पाहा. 1904 ते 1907 या काळात ती पीरभॉय नावाच्या बोहरा घराण्यानं बांधली; अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी उभं राहून काम करून घेतलं आणि वडील आदमजींनी पैसा पुरवला, सुमारे 16 लाख रुपये, त्या काळचे. घराणं मूळचं गुजरातचं. आज त्या गाडीला कर्जत तालुक्यात कुणी बाहेरची म्हणेल का? पावसाळ्यात ती बंद राहिली की नेरळकर चुकल्यासारखे होतात.

आता आमच्याही घरातलं सांगतो, नाहीतर हे एकतर्फी होईल. आमच्या मशिदीत जुम्याला बरीच नवी मंडळी दिसतात. कुणी उत्तर प्रदेशातून बेकरीत कामाला आलेला, कुणी बिहारमधून खोपोलीच्या कारखान्यात. नमाजला खांद्याला खांदा लावून उभे राहतो. पण मशिदीच्या कामासाठी बैठक बसली आणि त्यातल्या एकानं, पंधरा-सोळा वर्षं इथे असलेल्यानं, पाण्याच्या टाकीबद्दल काही सुचवलं, तेव्हा आमच्यातल्याच एकानं दक्खनी ठसक्यात सांगितलं, “तुम रहने दो भाई, ये लोकल लोगां का मामला है.” तो हसला आणि मागे जाऊन बसला. टाकीबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे उन्हाळ्यात कळलं.

त्या बैठकीत मीही होतो आणि काही बोललो नाही. उलट आत कुठेतरी बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. इतरत्र ज्या शब्दासाठी आपल्याला आजोबा-पणजोबा काढावे लागतात, तो इथे न मागता मिळाला होता. भाचा माझ्या शेजारीच बसला होता. रिसॉर्टच्या मुलाखतीला तेव्हा जेमतेम महिना झाला असेल. तो उठला, मागे गेला आणि त्या माणसाशेजारी जाऊन बसला.

घरी परतताना त्यानं मला काही विचारलं नाही. मी मात्र पुढच्या जुम्याला त्या माणसाला गाठून टाकीचं पुन्हा विचारलं. त्यानं कागदावर आकृती काढून दाखवली. खाली नाव लिहिलं, मोबाइल नंबर लिहिला आणि पत्ता लिहिला: मु. पो. खोपोली, ता. खालापूर.