ख्रिसमस ट्रीचं खरं गाव

एकलहऱ्याहून नाशिकरोडकडे येताना डिसेंबरात एखाद्या नर्सरीत डोकावून बघा. मजल्या-मजल्याने फांद्या फुटलेलं हिरवंगार रोप दिसेल. नर्सरीवाले म्हणतात ‘ख्रिसमस ट्री’, जरा जाणकार असतील तर ‘अरोकेरिया’. मॉलमध्ये, ऑफिसात, मावशीच्या बंगल्यापुढे, कुठेही दिसतं ते. आणि तरीही अरोकेरिया हेटेरोफायला, म्हणजे नॉरफोक आयलंड पाइन, आययूसीएनच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे!

एवढ्या कुंड्या भरल्यात, मग असुरक्षित कसं? कारण लाल यादी कुंड्या मोजत नाही. झाड मुळात जिथलं, तिथे त्याचं काय चाललंय ते बघते. आणि याचं गाव म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेचं नॉरफोक बेट, जेमतेम ३५ चौरस किलोमीटर. १७७४ मध्ये कॅप्टन कुकने ते सरळसोट बुंधे पाहिले आणि त्याला वाटलं, जहाजांच्या डोलकाठ्यांची सोय झाली. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी तिथे कैद्यांची वसाहत केली. लाकूड डोलकाठीच्या लायकीचं निघालंच नाही, पण शेती आणि चराईसाठी जंगल साफ होत गेलं. शेजारच्या फिलिप बेटावर तर डुकरं, शेळ्या, ससे सोडले. त्यांनी नवं रोप उभंच राहू दिलं नाही, नुसती लाल माती उरली. १९८० च्या दशकात ससे हटवले, तेव्हा कुठे हिरवळ परतू लागली.

त्यात आणखी एक घोळ. या नावाने खपणारी बरीच झाडं प्रत्यक्षात त्याच्या भाऊबंदाची, न्यू कॅलेडोनियातल्या कुक पाइनची असतात. तो विषुववृत्ताकडे झुकतो, हे २०१७ मध्ये संशोधकांनी मांडलं. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. मोबाइलमधलं होकायंत्र काढा आणि बघा!

रोप घ्या की, माझी ना नाही. पण ‘इथली तोडली तर तिथे दहा लावू’ हे आपण ऐकतो ना, त्यातली गफलत इथे उघडी पडते. आपल्या अंजनेरीचंच घ्या. तिथल्या कातळावर सेरोपेजिया अंजनेरिका हे दुर्मीळ कंदीलपुष्प फुलतं, नावातच डोंगर आहे त्याच्या. २०२१ मध्ये या डोंगरावर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला आणि निसर्गप्रेमींनी जोरदार विरोध केला. उद्या कुणी म्हणेल, रोपवाटिकेत वाढवू की! वाढेलही कदाचित. पण तो कातळ, तिथला पाऊस आणि या फुलांचं परागीभवन करणाऱ्या बारीकशा माश्या कुठल्या कुंडीत आणणार?