केमोथेरपीत आतड्यांचं अस्तर वाचवणारी '१०० रुपयांची गोळी' : द्राक्षातलं द्रव्य, कणभर तांबं आणि उरलेले प्रश्न

खारघरच्या उत्सव चौकातून सीआयएसएफ रोडने पुढे गेलं की ओवे कॅम्प लागतो. टाटा मेमोरियल सेंटरची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन आणि उपचार संस्था इथेच आहे. व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरणारा 'टाटाने शोधली १०० रुपयांत कॅन्सरची गोळी' हा मेसेज ज्या संशोधनावर बेतलेला आहे, ते संशोधन याच संस्थेतलं.

मेसेज पूर्ण खोटा नाही. म्हणूनच तो जास्त गोंधळ घालतो.

मूळ दावा काय होता?

फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मेमोरियलचे ज्येष्ठ कर्करोग शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका वृत्तवाहिनीला या गोळीची माहिती दिली. १० वर्षांचं संशोधन, किंमत साधारण १०० रुपये, उपचारांचे दुष्परिणाम सुमारे ५० टक्क्यांनी कमी आणि कर्करोग पुन्हा होण्याला सुमारे ३० टक्के अटकाव, असे आकडे त्यांनी सांगितले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या मंजुरीची वाट पाहत असल्याचंही सांगितलं गेलं. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र '३० टक्के अटकाव' तेवढा उरला. मेसेज फॉरवर्ड होता होता त्याचंही 'कॅन्सर बरा करणारी गोळी' झालं.

गोळीत दोनच गोष्टी आहेत. एक रेस्व्हेरॅट्रॉल, म्हणजे लाल-काळ्या द्राक्षांच्या सालीत, बेरींमध्ये आणि थोड्या प्रमाणात शेंगदाण्यात आढळणारं वनस्पतिजन्य द्रव्य. दुसरं तांबं. माणसांवरच्या आतापर्यंतच्या चाचण्यांमधला ठोस भाग पाहिला, तर तो कर्करोग बरा करण्याबद्दल नाही. केमोथेरपीमुळे तोंडापासून आतड्यांपर्यंतच्या अस्तराला होणारी इजा कमी करता येते का, याबद्दल आहे.

अस्तरच का सोलवटतं?

आतड्यांच्या आतलं अस्तर शरीरातल्या सर्वात वेगाने बदलणाऱ्या भागांपैकी एक. तिथल्या बहुतेक पेशी ३ ते ५ दिवसांत झडतात आणि नव्या येतात. केमोथेरपीची औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारतात. ती पेशी गाठीतली आहे की आतड्यातली, हा फरक अनेक औषधांना नीट करता येत नाही. मग नव्या पेशी वेळेवर येत नाहीत, अस्तर उघडं पडतं, दाह सुरू होतो. तोंडात त्याला आपण तोंड येणं म्हणतो. आतड्यात तेच झालं की पोटात कळा आणि जुलाब.

हे 'किरकोळ दुष्परिणाम' नाहीत. गिळता येत नाही म्हणून नळीने अन्न द्यावं लागतं, डोस कमी करावा लागतो, पुढची सायकल लांबते. उघड्या अस्तरातून जंतू रक्तात शिरतात, तेही नेमके पांढऱ्या पेशी कमी असताना.

गोळी काम कशी करते म्हणे?

डॉ. इंद्रनील मित्रा हे मूळचे सर्जन. त्यांच्या गटाचं गृहीतक असं : केमो किंवा रेडिएशनने पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातल्या गुणसूत्रांचे तुकडे रक्तात सुटतात. हे क्रोमॅटिनचे कण निरोगी पेशींत घुसतात, त्यांच्या डीएनएला इजा करतात आणि दाह पेटवतात. म्हणजे दुष्परिणामांमागे फक्त औषध नसून मेलेल्या पेशींचा कचराही आहे.

इथे गंमत आहे. द्राक्षातलं द्रव्य म्हटलं की सगळ्यांना 'अँटिऑक्सिडंट' आठवतं. या गोळीचा सिद्धांत बरोबर उलटा आहे. रेस्व्हेरॅट्रॉल आणि तांबं एकत्र आले की ऑक्सिजनचे आक्रमक कण, म्हणजे फ्री रॅडिकल्स तयार होतात, आणि तेच रक्तातल्या क्रोमॅटिनच्या तुकड्यांची विल्हेवाट लावतात, असं संशोधक मांडतात. म्हणून 'अँटिऑक्सिडंट आहे, कितीही घ्या' हा युक्तिवाद या गोळीला लावता येत नाही.

पुरावा किती?

उंदरांवरचं काम बरंच आहे. माणसांवरचं थोडं. २०२२ मध्ये मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांवरचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. बोनमॅरो ट्रान्सप्लांटआधी मेल्फॅलन या औषधाचा मोठा डोस दिला की तोंड भयंकर येतं. गोळी घेतलेल्यांमध्ये तीव्र स्वरूपाचा त्रास न घेतलेल्यांपेक्षा कमी आढळला. त्याच वर्षी जठराच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगावरचा अभ्यास आला. त्यात रक्तपेशी घटण्याचा त्रास कमी झाला नाही, पण रक्ताशी संबंधित नसलेले दुष्परिणाम कमी दिसले. आतड्यांच्या दृष्टीने ही चांगली बातमी. अडचण अशी की या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. सगळ्यांना गोळी दिली आणि एरवी किती त्रास होतो याच्या अंदाजाशी ताडून पाहिलं.

२०२५ मध्ये ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरचा अभ्यास आला आणि मेसेज पुन्हा फिरू लागला. त्यात एकूण २० रुग्ण होते. त्यातल्या १० जणांना शस्त्रक्रियेआधी सरासरी १२ दिवसांच्या आसपास गोळी दिली आणि काढलेल्या गाठीत काही बदल दिसले. रुग्ण जास्त जगले का, हे तपासणारा तो अभ्यास नव्हता.

आता डोसचा हिशेब. चाचण्यांमध्ये एका गोळीत ५.६ मिलिग्रॅम रेस्व्हेरॅट्रॉल आणि ५६० नॅनोग्रॅम तांबं वापरलं गेलं. प्रौढ माणसाला दिवसाला तांबं लागतं साधारण ०.९ मिलिग्रॅम. म्हणजे गोळीतलं तांबं रोजच्या गरजेच्या सोळाशेव्या भागाइतकं. मूठभर शेंगदाण्यांत याहून कितीतरी पट जास्त असतं. मग इतक्या अल्प तांब्याने असं काय वेगळं घडतं? संशोधकांचं म्हणणं, महत्त्व दोघांच्या प्रमाणाला आहे आणि कमी तांब्यानेच परिणाम चांगला येतो. ते खरं असेलही. पण याचं उत्तर मोठ्या, प्लासिबो गट असलेल्या चाचणीतूनच मिळू शकतं.

'द्राक्षं खा आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या' हा घरगुती शॉर्टकटही याच हिशेबात अडकतो. वाटीभर लाल द्राक्षांत रेस्व्हेरॅट्रॉल जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, आणि तांब्याचं प्रमाण तर भांड्यात मोजताच येणार नाही.

औषध नाही, मग काय?

मंजुरी एफएसएसएआयकडे मागितली, यातच बरंच काही आलं. ही संस्था अन्नाचं नियमन करते. औषधांना परवानगी देणारी यंत्रणा वेगळी आणि तिच्या अटीही कडक. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला मोठी चाचणी करून परिणाम सिद्ध करावा लागत नाही, पण तिच्या लेबलवर 'कॅन्सर बरा होतो' असं लिहिताही येत नाही. बाजारात ऑनलाइन मिळणाऱ्या रेस्व्हेरॅट्रॉलच्या कॅप्सूलमध्ये अनेकदा शेकडो मिलिग्रॅमचा डोस असतो. चाचणीतली गोळी ती नव्हे.

हळद, कोरफड, ज्येष्ठमध?

आतड्यांच्या दाहावर हळदीचा पुरावा खरं तर बरा आहे, पण वेगळ्या आजारात. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ५० रुग्णांवरच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधासोबत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. महिन्याभरात कर्क्युमिन घेणाऱ्या २६ पैकी १४ जणांचा आजार आटोक्यात आला, प्लासिबो घेणाऱ्यांत एकाचाही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये ४५० मिलिग्रॅमचा डोस देऊन पाहिला, फरक पडला नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज १०० ग्रॅम हळद. हळदीच्या दुधाचा इथे संबंध उरत नाही.

आणि केमो चालू असताना कॅप्सूल घेणं हा निराळाच धोका. स्तनाच्या कर्करोगातल्या टॅमॉक्सिफेनसोबत कर्क्युमिन घेतल्यास रक्तातलं औषधाचं प्रमाण घटतं, असं दिसलं आहे. मिरीचा अर्क मिसळलेल्या कॅप्सूलमध्ये ही घट आणखी मोठी होती. ज्येष्ठमध जास्त झालं की पोटॅशियम उतरतं, आणि जुलाब लागलेल्या रुग्णाचं ते आधीच उतरलेलं असतं. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक तर रेचकच. घरी काढलेल्या कच्च्या रसांतून, पांढऱ्या पेशी कमी असताना, संसर्गाची भीती वेगळी. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या मुंबईतल्या ६ रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला होता. तो वाद आजही अधूनमधून उफाळतो.

मग रुग्णाने आज काय करायचं?

घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण आणि कॅप्सूल केमोच्या डॉक्टरांना दाखवायची, बाटलीसकट. ओरडा बसेल म्हणून लपवणारे रुग्ण कमी नाहीत. नेहमीपेक्षा दिवसात ४ वेळा जास्त जुलाब झाले, शौचातून रक्त गेलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालयात फोन करायचा. तोवर ओआरएस चालू.

मेल्फॅलनमुळे येणाऱ्या तोंडावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस केलेला एक उपाय आधीपासून आहेच : औषध शिरेतून जात असताना तोंडात बर्फाचे तुकडे चघळत ठेवणं. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोचतं. त्याचा खर्च बर्फाच्या ट्रेएवढा, आणि त्याबद्दलचा मेसेज सहसा कुणी फॉरवर्ड करत नाही.