लागलं की दुखतंय?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मार्च म्हणजे आम्हा सीए लोकांचा हंगाम. इथलं आर्थिक वर्षही ३१ मार्चलाच संपतं, म्हणजे भारत सोडला तरी मार्च काही सुटला नाही! अशाच एका संध्याकाळी मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले असताना माझी नऊ वर्षांची लेक येऊन म्हणाली, "आई, आय हर्ट माय आर्म." मी मनातल्या मनात ऐकलं, 'हात दुखतोय.' बर्फ लावला, झोपवलं. सकाळी दवाखान्यात नेलं आणि मीच बोलले, "हर हँड इज पेनिंग." नर्सने विचारलं, काही झालं का, पडली वगैरे? मी ठामपणे म्हणाले, "नो, नथिंग." लेक गप्प, कारण आई बोलतेय ना.

त्यांनी पंजा बघितला, मनगट फिरवलं, बोटं हलवायला लावली. सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी कोपर टम्म सुजलं. एक्स-रेमध्ये कोपराजवळ बारीक फ्रॅक्चर. "शाळेत मंकी बार्सवरून पडले. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," ही तिची तक्रार. आणि ती खरी होती.

दवाखान्याची काही चूक नाही. चूक माझ्या भाषांतरात होती, तीही एकाच वाक्यात दोनदा. 'आर्म'चा मी 'हात' केला आणि हाताचा 'हँड'. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत एकच. इंग्रजीत हँड मनगटापाशी सुरू होतो. (पायाचंही तेच, लेग वेगळा, फूट वेगळा. आणि 'कंबर दुखते'चं 'वेस्ट पेन' करू नका, ते 'लोअर बॅक'.) दुसरी चूक जास्त महागात पडली. 'हर्ट' या एका शब्दात इंग्रजीने दोन गोष्टी कोंबल्यात. 'माय आर्म हर्ट्स' म्हणजे दुखतंय. 'आय हर्ट माय आर्म' म्हणजे लागलंय. मराठीत या दोन्हींची कधी गल्लत होत नाही. लागलं म्हणजे काहीतरी घडलं. दुखतंय म्हणजे नुसतं आता कसं वाटतंय ते. इतका स्वच्छ फरक आपल्या भाषेत असताना मी तो वापरलाच नाही.

आता न्यूझीलंडमधल्या मंडळींसाठी थोडं धंद्याचं बोलते, कारण इथे या फरकावर पैसे ठरतात. १ एप्रिल १९७४पासून इथे एसीसी आहे. अपघाताने इजा झाली तर उपचाराच्या खर्चाला हातभार आणि कमाई बुडली तर आठवड्याला आधीच्या कमाईच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई. चूक कोणाची हे विचारत नाहीत, त्या बदल्यात भरपाईसाठी कोर्टात जायचा हक्क जवळपास गेला. तुमच्या पगारातून पीएवायईबरोबर लेव्ही कापली जाते ती याचीच. पण हे सगळं 'इंज्युरी'साठी, आजारासाठी नाही. डॉक्टर क्लेम भरतात तेव्हा पहिला प्रश्न असतो: काय झालं, कधी, कुठे? म्हणजे एसीसी विचारते 'लागलं का?' आणि आपण सांगत बसतो 'दुखतंय'.

आमच्या टौरंगाच्या आसपास किवीच्या बागा. मी काही कंत्राटदारांचं पेरोल बघते. तोडणीच्या दिवसांत पोटावर भरलेली जड पिशवी, हिवाळ्यात छाटणीला दिवसभर हात डोक्याच्या वर. आपले लोक संध्याकाळी म्हणतात, "बॅक पेनिंग." बस. पिशवी रिकामी करताना पाय घसरला आणि कंबरेत कळ गेली, हे कोणी सांगतच नाही, कारण त्यात काय सांगायचं! कामावर लागलं असेल तर पहिल्या आठवड्याचे ८० टक्के मालकाने द्यायचे, पुढे एसीसी. नुसतं दुखत असेल तर वर्षाची १० दिवसांची सिक लीव्ह, आणि ती संपली की खिसा रिकामा. खोटं सांगा असं मी अजिबात म्हणत नाही. हळूहळू झिजलेली पाठ हा वेगळा मामला, त्याचे निकष कडक आहेत. पण जे खरंच घडलं ते तरी नीट सांगा.

एक गंमत. 'पेन' हा शब्द लॅटिन 'पीना'वरून आला, अर्थ दंड. 'पेनल्टी'ही तिथूनच. रिटर्न उशिरा भरणाऱ्या क्लायंटना मी हे आवर्जून सांगते.

बाकीचे शब्द तसे अवघड नाहीत. 'पेनिंग' इथे कोणी म्हणत नाही, ते आधी सोडा. इथली मुलं सरसकट 'सोअर' म्हणतात, सोअर टमी, सोअर लेग. 'एक' म्हणजे मंद, रेंगाळणारं दुखणं. ठणकतंय ते 'थ्रॉबिंग', चुरचुरतंय किंवा झोंबतंय ते 'स्टिंगिंग', हात लावल्यावरच दुखतं ते 'टेंडर', खरचटलं ते 'ग्रेझ', मुका मार लागून काळंनिळं पडलं ते 'ब्रूझ'. मुरगळलं ते 'स्प्रेन', स्नायू ताणला गेला तर 'स्ट्रेन'. 'वूंड' म्हणजे उघडी जखम. पडून गुडघा सुजला तर ती वूंड नव्हे, इंज्युरी. १९७५मध्ये रोनाल्ड मेलझॅक यांनी दुखण्याची प्रश्नावली केली, तिच्यात असे ७८ शब्द आहेत. आपल्या आज्यांना कोणी विचारलं असतं तर आकडा कुठे गेला असता!

माझा खरा मुद्दा मुलांचा आहे. आपण मराठी जपायची म्हणून श्लोक पाठ करून घेतो, गणपतीत नाच बसवतो, आणि रात्री दोन वाजता पोटात कळ आली की पोराकडे एकच शब्द असतो, 'हर्ट्स'. माझ्या मते बाराखडीच्या आधी हे शब्द यावेत: ठणकतंय, टोचतंय, जळजळतंय, मुंग्या आल्यात. आणि दवाखान्यात मुलाच्या वतीने बोलू नका. मीच बोलले, म्हणून सांगते. त्याला बोलू द्या, अडलं तर मदत करा. आजीआजोबा आले असतील तर दुभाषा मागा, संकोच नको. १९९६पासून इथल्या रुग्णहक्कांच्या संहितेत ते आहे, गरज असेल आणि शक्य असेल तर दुभाषा मिळायला हवा. रात्री घाबरलात तर हेल्थलाइन ०८०० ६११ ११६, चोवीस तास, फुकट. अगदीच गंभीर असेल तर सरळ १११.

लेकीचं प्लॅस्टर निघालं. आता घरात कोणी 'आई गं' म्हटलं की ती आधी विचारते, "लागलं की दुखतंय?" परवा मी फाइलींचा खोका उचलायला वाकले आणि उसण भरली. उत्तर काय द्यावं ते मला कळेना, कारण म्हटलं तर दोन्ही. फिजिओला सांगितलं, "लोअर बॅक, सडन, बेंडिंग." उसण भरण्याला एका शब्दात इंग्रजी मला अजून सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर खाली लिहा.