सवतीमत्सर नावाची पळवाट

राण्यांचा संघर्ष समोर आला की आपल्या समीक्षेला एकच शब्द सुचतो : सवतीमत्सर. दारा आणि औरंगजेब लढले तर तो वारसाहक्काचा प्रश्न. दोन राण्या लढल्या की तो स्त्रीस्वभाव. या वाचनाला आमचा विरोध आहे.

ट्यूडर इंग्लंड शिकवताना हेच घडते. मेरी कॅथलिक, एलिझाबेथ प्रोटेस्टंट; मेरीने १५५४ साली बहिणीला टॉवरमध्ये कोंडले. कॅथलिकांच्या दृष्टीने आठव्या हेन्रीचा अ‍ॅन बोलीनशी झालेला विवाहच अवैध, म्हणून एलिझाबेथ अनौरस. धर्म हाच तिथे गादीचा दस्तऐवज होता. पुढे एलिझाबेथने स्कॉटलंडच्या मेरीला सुमारे १९ वर्षे कैदेत ठेवले आणि १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. या दोघी आयुष्यात कधीच भेटल्या नाहीत. शिलरने मात्र १८०० सालच्या नाटकात त्यांना समोरासमोर आणून भांडायला लावले. नाटककाराला ते स्वातंत्र्य आहे. समीक्षकाने त्या भांडणालाच इतिहास समजू नये.

आता घरचे पाहू. राजसबाईने १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईला पदच्युत करून आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले. दोघी सवती खऱ्या. पण राजाराम महाराज वारून तेव्हा १४ वर्षे झाली होती. मग हा मत्सर कोणावरून? भांडण राज्याचे होते. भाऊबंदकी या शब्दात निदान वाटणीचा अर्थ तरी आहे; सवतीमत्सरात केवळ नवरा आहे.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले. ताराबाईने आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजाला राणी सकवारबाईचा विरोध होता. आपला डाव लपवण्यासाठी ती सती जाण्याची भाषा बोलत असे. ग्रँट डफ लिहितो की, पेशव्यांनी हेच शब्द तिच्या गळ्याभोवती आवळले आणि तिच्या शिर्के भावाला जहागिरीचे आमिष दाखवून कुळाच्या अब्रूची आठवण करून द्यायला लावले. ती सती गेली. जिला आपण पातिव्रत्य म्हणून वंदन करतो, ती चिता राजकीय होती. पुढे ताराबाईने रामराजालाच कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले की, हा माझा नातू नव्हे. एकीला धर्माने जाळले, दुसरीने धर्मच साक्षीला उभा केला.

आमच्या चांदा-गडचिरोलीकडे शिवरात्रीला मार्कंड्याला आणि चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला माणसे लोटतात. महाकालीचे देऊळ गोंड राणी हिराईने बांधले. बीरशाह मारला गेल्यावर ती चितेवर चढली नाही. तिने त्याची समाधी उभारली आणि दत्तक रामशाहच्या नावाने राज्य सांभाळले. राजाने हे केले असते तर आपण राज्यकर्तृत्व म्हटले असते. हिराईच्या वाट्याला पतिनिष्ठा आणि भक्ती आली.

मत्सर नव्हताच, असे आमचे म्हणणे नाही. तो सत्तेच्या प्रत्येक दरबारात असतो. पण पुरुषांच्या बाबतीत आपण त्याच्या पलीकडे जाऊन कारणे शोधतो. स्त्रियांच्या बाबतीत तिथेच थांबतो. विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच : पुढच्या उत्तरपत्रिकेत सवतीमत्सर लिहिण्यापूर्वी गादी कोणाची, वारस कोण आणि शपथ कोणासमोर, हे तीन प्रश्न विचारा. आणि अध्यापकांनी त्या उत्तराला गुण द्यावेत.