आधी सोडायला शिकवा

“म्हणजे तुम्ही पोरं पैसे भरून एकमेकांचे गळे दाबता?” असे मामींनी विचारले तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पुढे तीनच दिवसांनी त्या प्रश्नावर हसण्याची माझी हिंमत उरली नाही.

आईचे माहेर तुमसरकडचे आणि मामा मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला. त्यामुळे परीक्षा संपली की बेळगावहून नागपूर, पुढे तुमसर रोड आणि तेथून फाट्यावरच्या गाडीने तिरोडी, हा प्रवास ठरलेला. गाव हिंदी मुलखातले, पण महाराष्ट्राची सीमा जवळच. १९५६ पर्यंत हा सारा भाग नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता, म्हणून घराघरांत अजूनही मराठी ऐकू येते. मला तिथे परके वाटत नाही. उलट या खेपेस जरा जास्तच आपलेपणा वाटला, कारण माझ्या कमरेला ज्युदोचा हिरवा पट्टा आला होता आणि ही बातमी मामेभावाने गावभर केली होती.

तिथली मुले कुस्ती करणारी. संध्याकाळी उन्हे उतरली की हौद्यात उतरायची. त्यांनी मला गुरू केले आणि मीही झालो. पहिले दोन दिवस फेक शिकवली. तिसऱ्या दिवशी गळ्याची पकड. जपानीत तिला ‘हादाका-जिमे’ म्हणतात; पाठीमागून हात घालून मान कवळायची, त्यासाठी समोरच्याच्या अंगात जाकीट असावे लागत नाही. आमच्याकडे तिथे जाकिटे नव्हतीच. सतरा वर्षांचा एक दणकट गडी पुढे आला आणि मी पकड लावली.

येथे मी काय विसरलो ते सांगतो. ज्युदोत हार मान्य करायची म्हणजे हाताने किंवा पायाने दोनदा थोपटायचे. कुस्तीत अशी सोयच नाही. पाठ मातीला लागेपर्यंत लढायचे, ‘मी हरलो’ असे म्हणण्याची जागाच नाही. शिवाय गळा आवळणे कुस्तीत निषिद्ध. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले त्या फ्रीस्टाइललाही ते चालत नाही. तेव्हा त्या मुलाला गळ्याच्या पकडीत काय करायचे हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, आणि मी पकड शिकवण्याच्या घाईत थोपटणे शिकवलेच नव्हते. तो धडपडत राहिला, मी त्याच्या थोपटण्याची वाट पाहत राहिलो. त्याचा हात माझ्या हातावरून घसरला, तो मला निसटण्याचा डाव वाटला. मग अंग जड झाले.

कोणी कांदा आणायला धावले, कोणी चप्पल हुंगवा म्हणाले, एकाने तर तोंडात पाणी ओतायला तांब्या उचलला; तो तेवढा मी अडवला. शुद्ध गेलेल्याच्या तोंडात पाणी घालणे म्हणजे ते श्वासनलिकेत घालणे. त्याला सपाट निजवले. थोड्याच वेळात त्याने डोळे उघडले आणि विचारले, “भाऊ, गाडी आली काय?” सगळे खो खो हसले. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला आवंढा गिळताना दुखत होते. मी घरी गेलो तर त्याच्या आईने चहा केला. त्यांना त्याने काहीच सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही. याची लाज मला अजून वाटते. रात्री मात्र मामांना सांगितले. सकाळी ते त्या मुलाला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्याच्या आईलाही सारे त्यांनीच सांगितले. घसा तपासून झाला, विश्रांती घे म्हणाले, निभावले. परत येताना मामा एवढेच बोलले, “आमच्याकडे आधी भोंगा, मग सुरुंग. तू उलटं केलंस.” तिरोडीची खाण उघडी आहे. स्फोटाआधी भोंगा झाला की सगळे बाजूला होतात, आणि बाजूला झाला म्हणून कोणी कुणाला भित्रा म्हणत नाही.

काही वाचक मित्र म्हणतील, दुखल्याखेरीज विद्या येते का? मांड्या आणि खांदे दुखतात तेव्हा मीही हेच म्हणतो. गळ्याचे गणित निराळे आहे. नीट लागलेली पकड मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर बसते. मेंदूचे रक्त अडले की साधारण दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाते, आणि गंमत अशी की त्यात फारसे दुखतही नाही. म्हणजे ‘दुखले की थोपटेन’ म्हणणारा फसतो. उलट समोर कंठमण्यावर हात दाबला तर भयंकर दुखते, कारण तिथे श्वासनलिका आणि स्वरयंत्र आहे. मानेच्या बाजूचे स्नायू दोन दिवस आखडले तर चालेल. पण आवाज बसला, गिळवेना, थुंकीत रक्त दिसले, श्वास लागला, तर ती ‘सवय होईल’ म्हणून सोसायची गोष्ट नव्हे. सूज नंतरही वाढू शकते. क्वचित रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटून काही तासांनी किंवा दिवसांनी तरुण माणसालाही पक्षाघात होतो, असे रुग्ण वैद्यकात नोंदलेले आहेत. मानेच्या एकाच बाजूला नवे दुखणे, विचित्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर पट्टा सोडून थेट रुग्णालय गाठावे.

आम्ही वाणिज्य शाखेचे लोक, नावे आणि जमा दोन्ही बाजू लिहिल्याखेरीज पान उलटत नाही. तालमीत मात्र पकड लावणाऱ्याची बाजू कोरीच राहते. ‘त्याने थोपटले नाही’ हे माझेही उत्तर होते. ते पुरेसे नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याचा गळा आहे त्यानेच दुसऱ्याचा हात, चेहरा आणि अंगाचे वजन पाहायचे आणि शंका आली की सोडायचे. आमच्या बेळगावच्या मॅटवर नवखी मुले ‘पुरे’ ओरडतात, कन्नड मुले ‘साकु’ ओरडतात, पण आवळलेल्या गळ्यातून दोन्ही भाषा बाहेर येत नाहीत. म्हणूनच हात.

हल्ली मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती पाहून मुले पकडी शिकतात. त्या चित्रफितीत पकड दिसते, सोडणे दिसत नाही. आपल्या जिमखान्यात पहिला आठवडाभर फक्त थोपटणे आणि सोडणे एवढेच करून घ्यावे, लहान मुलांना ही पकड देऊच नये, आणि ज्याची शुद्ध गेली त्याला त्या दिवशी पुन्हा मॅटवर घेऊ नये, असे मला वाटते. यात वेळ जाईल. जाऊ द्यावा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा हौद्यात गेलो. तो मुलगा काठावर बसून होता, डॉक्टरांनी त्याला अजून आठ दिवस मातीत उतरू नको म्हटले होते. त्याच्या धाकट्या दोस्ताला मी माझ्या पाठीमागे बसवले, त्याचा हात माझ्या गळ्याभोवती घातला आणि तो आवळायच्या आतच त्याच्या दंडावर दोनदा थोपटले.

“इतक्या लवकर?” काठावरून प्रश्न आला.

“हो,” मी म्हणालो. “आता पुन्हा.”