पठार म्हणजे पडीक जमीन नव्हे

साताऱ्याहून ठोसेघरचा रस्ता चढून चाळकेवाडीच्या पठारावर पोचलं, की नजर जाईल तिथे पवनचक्क्या दिसतात. सुट्टीत गावी गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तिथे गाडी थांबवून फोटो काढले असतील. धूर नाही, राख नाही, कोळसा नाही, नुसत्या वाऱ्यावर वीज! यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. तरीही सह्याद्रीच्या पठारांवर यापुढे एकही नवी पवनचक्की उभी राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचं कारण त्याच पठारावर सापडतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चाळकेवाडीला केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पवनचक्क्या आहेत, तिथे तिसा, कापशी यांसारखे शिकारी पक्षी पवनचक्क्या नसलेल्या भागापेक्षा जवळपास चौपटीने कमी आढळले. पक्षी घटले म्हणून त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढले. गळ्याला रंगीत पंखा असलेला हा सरडा आपल्याकडचा खास. त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावसुद्धा 'सरडा' या आपल्या मराठी शब्दावरूनच ठेवलं आहे. सरडे वाढले, पण ते रोडावले, नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले आणि माणूस जवळ आला तरी ते पूर्वीसारखे पळेनात. म्हणजे पात्याला धडकून चार पक्षी मेले, एवढ्यापुरता हा विषय नाही. वरचा शिकारी गेला की खालची सगळी घडी विस्कटते.

पात्यांचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास फिरतं. शिकारी पक्षी उडतो तो भक्ष्यासाठी खाली जमिनीकडे बघत. त्यातून मोठे शिकारी पक्षी वर्षाला एखाद-दुसरंच अंडं घालतात, त्यामुळे झालेली घट भरून यायला फार वेळ लागतो.

दुसरं नुकसान जमिनीचं. पवनचक्कीचं एकेक पातं ट्रेलरवरून वर न्यायचं, तर डोंगर कापून रुंद रस्ते करावे लागतात. शेकरूचं घर असलेल्या भीमाशंकरच्या परिसरात असे रस्ते झाले. डोंगर खचला आणि मुरूम-दगड खालच्या ओढ्यांत आणि शेतात गेला. माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात याची दखल घेतली होती. अहवाल बाजूला पडला, रस्ते मात्र राहिले.

मग हे सगळं मंजूर कसं होतं? सरकारी कागदावर सडा म्हणजे 'पडीक' जमीन. झाड नाही, पीक नाही, म्हणजे काहीच नाही! वास्तविक पावसाळ्यात याच कातळावर गेंद फुलतो, सीतेची आसवं फुलतात, धनगरांची जनावरं चरतात. शेजारच्या कासला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो अशाच कातळाला. शिवाय 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. 'हरित' शिक्का बसला, की प्रश्न विचारायची गरज संपली.

आता कुणी म्हणेल, सिंगापूरला एसीत बसून हे बोलणं सोपं आहे. आक्षेप रास्त आहे. इथली बहुतेक वीज नैसर्गिक वायूवर होते आणि पवनचक्क्यांचा प्रश्नच येत नाही, कारण वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला जेमतेम दोन मीटर. पण जागेची इतकी टंचाई असलेल्या या देशात आधी अभ्यास आणि मग बांधकाम, हे मात्र शिकण्यासारखं आहे. तेंगे जलाशयावर 45 हेक्टरवर तरंगता सौर प्रकल्प 2021 मध्ये सुरू झाला. त्याआधी लहान प्रमाणावर चाचणी झाली, पाण्यावर आणि जीवसृष्टीवर काय परिणाम होईल ते तपासलं गेलं, पाण्याला ऊन-वारा मिळावा म्हणून पॅनेलमध्ये फटी ठेवल्या. क्रॉस आयलंड मेट्रो मार्ग राखीव जंगलाखालून न्यायचं 2019 मध्ये ठरलं, तेव्हा बोगदा सुमारे 70 मीटर खोल नेण्याचा निर्णय झाला. निसर्गप्रेमींचे सगळे आक्षेप मान्य झाले असं नाही, पण वर्षानुवर्षं चर्चा झाली आणि अहवाल लोकांसमोर आला. इथे सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. जंगलं इथेही तुटली आहेत. पण 'वीज स्वच्छ आहे' एवढ्यावर जागेची परवानगी मिळत नाही.

भारताला वीज हवी आहे, कोळसा कमी व्हायला हवा, पठारावरच्या गावांना चार पैसे मिळायला हवेत, हे सगळं मान्य. म्हणूनच विरोध वाऱ्याला नाही, जागेला आहे. कारखान्यांची छपरं आहेत, धरणांचे जलाशय आहेत. रस्ते, वस्ती, तारा आधीच पोचलेली सपाट जमीनही आहे. सडा मात्र एकदा फोडला की पुन्हा करता येत नाही.

आणि हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. पवनचक्कीचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचं. चाळकेवाडी, वनकुसवडे भागातल्या जुन्या चक्क्या त्या वयाला पोचल्या आहेत. जुन्या काढून जास्त क्षमतेच्या नव्या बसवायचं केंद्राचं धोरण 2023 मध्ये आलं आहे. त्यापूर्वी दोन गोष्टी व्हाव्यात: पवनऊर्जेला पर्यावरण आघात मूल्यांकन सक्तीचं करावं आणि पक्ष्यांची वर्षभर नोंद झाल्याशिवाय सड्यावर नवा पाया खोदू नये. गावाकडची जमीन आपल्यापैकी अनेकांच्या नावावर अजून आहे. कंपनीचा माणूस करारनामा घेऊन आला, तर सही करण्याआधी भावाला, चुलत्याला एवढं तरी विचारायला सांगा: रस्ता कुठून कापणार, माती कुठे टाकणार आणि मुदत संपल्यावर हा सांगाडा उतरवणार कोण?